दारातून बघितलेलं जंगल

प्रिय ठिपक्या,

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला ठिपक्या म्हटलेलं आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण लहानपणी तुझ्या नाकाच्या शेंड्यावर कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचा थेंब असायचा आणि तो पुसायचं काम माझ्याकडे असायचं, तेव्हा हा हक्क काही मी सोडणार नाही. एरवी आपण फोनवर बोलतोच. पण फोनवर तू ‘हं’ म्हणतोस, मग पुन्हा ‘हं’ म्हणतोस, आणि बोलणं जरा अवघड वळणावर आलं की तुझ्या दाराची बेल वाजते. इतकी कशी रे वाजते तुझी बेल? म्हणून पत्र. हे तू अर्धवट वाचून ठेवलंस तरी टेबलावर पडून राहील, आणि तुला मी ओळखते, चहा पिताना पुन्हा उचलशील.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. तू आंघोळीला गेला होतास म्हणे, म्हणून बिचारी दबक्या आवाजात, घाईघाईने बोलत होती. तिच्यावर चिडू नकोस. तिने चहाडी केलेली नाही, तिला काळजी वाटली म्हणून तिने सांगितलं. तू तिला बजावलं आहेस की त्या घराचा विषय आता संपला, मी तिथे परत पाय ठेवणार नाही, बाबांना बघायलाही नाही. मी म्हटलं, अगं, पण झालं काय? तेव्हा तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली खूप जुनी, दुसरी गेल्या महिन्यातली. दुसरीबद्दल मी शेवटी लिहिणार आहे, कारण मधलं वाचल्याशिवाय ती तुला पटायची नाही. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची खोड होती तुला. आज तेवढं करू नकोस, माझी शपथ आहे.

पहिली गोष्ट अशी, की बाबांनी तुझं शहर पुसलं.

हे चार शब्द तू इतकी वर्षं पोटात घेऊन बसलास, आणि मला, सख्ख्या बहिणीला, एका अक्षराने बोलला नाहीस. धन्य आहे तुझी. मी समजत होते, तुला नाटकाचे पडदे रंगवायच्या कामाचा कंटाळा आला, फरशांच्या कारखान्यात नक्षी काढायची नोकरी मिळाली, स्वच्छ कपड्यांत काम करायला मिळालं, म्हणून तू गेलास. बाबा काय समजत होते, तेही सांगते. पण आधी तुला जरा आपल्या शेडमध्ये घेऊन जाते.

आठवते ना ती शेड? नाटकगृहाच्या मागे, पत्र्याची, लांबलचक, एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला ताणून बसवलेला पडदा. रंगात मिसळायचा सरस उकळायला लागला की त्या वासाने नवा माणूस नाक धरून पळायचा, आणि आपल्याला मात्र भूक लागायची. बाबा काठीला बांधलेला ब्रश घेऊन एका ठिकाणी उभे राहायचे आणि कमरेपासून वळून असा काही फटकारा मारायचे की झाडच्या झाड उभं राहायचं. मी कोपऱ्यात मशीनवर कापडाचे पट्टे जोडत बसायची. आणि तू सगळ्यांच्या पायात. आई गेल्यानंतर तेच आपलं घर झालं होतं, खऱ्या घरी आपण नुसते झोपायला जायचो.

तू एवढासा होतास तेव्हा एका पडद्यावर बाबांनी मेजवानीचं टेबल रंगवलं होतं. तू दारातून धावत आलास आणि त्यातलं सफरचंद चाटलंस. जीभ हिरवीगार! मी तुला उचलून नळाखाली धरलं, तू भोकाड पसरलंस, आणि बाबा हसता हसता जमिनीवर बसले. मग डोळे पुसून त्यांनी तुला खांद्यावर घेतलं, परत दारापर्यंत नेलं आणि सांगितलं, आता बघ, दिसतंय ना सफरचंद? जवळ गेलं की नुसते रंगाचे फरकाटे असतात. बघणारा माणूस काही रंगमंचावर चढून येत नाही, त्याला जिथून दिसतं तिथूनच आपण बघायचं. तेव्हापासून शेडचा तो कायदाच झाला. पडदा कसा झालाय हे बघायचं तर दारात जायचं, चौकटीला टेकायचं, डोळे जरा बारीक करायचे. पडद्याला नाक लावून बघणाऱ्याला बाबा ओरडायचे. तू तर दारात उजवा खांदा चौकटीला टेकवून, एक पाय दुसऱ्यावर टाकून असा उभा राहायचास, जसा काही नाटकगृहाचा मालकच. बाबा माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे.

दुसरा कायदाही तुला आठवत असेल. पडद्याला जीव लावायचा नाही. नाटक उतरलं की पडदा हौदात भिजवायचा, धुवायचा, आणि त्याच कापडावर दुसरं काही काढायचं. राजवाड्यावर समुद्र, समुद्रावर रेल्वे स्टेशन. बाबांनी स्वतःची किती चित्रं अशी धुऊन टाकली. मला वाईट वाटायचं. ते म्हणायचे, अगं, कापड महाग आहे, चित्र काय, उद्या दुसरं येईल. म्हणून तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्या शेडमध्ये वाढलेल्या कुणालाही तेच वाटलं असतं. उलट बाहेरचा कुणी असता ना, तर तो फसला नसता.

तुझं शहर माझ्या डोळ्यांसमोर अजून जसंच्या तसं आहे. बाबांनी तुला एकट्याला दिलेला तो पहिला अख्खा पडदा. एक म्हातारा प्रवासी रानात वाट चुकतो आणि शेवटच्या प्रवेशात त्याला आपलं गाव दिसतं, असं काहीतरी ते नाटक होतं. गाव काढायला सांगितलं होतं, तू शहर काढलंस. संध्याकाळचं. चढण, चढणीवर एकमेकांना खेटून उभी घरं, आणि खिडक्याच खिडक्या, प्रत्येकीचा उजेड वेगळा. एका खिडकीत शिवणयंत्रावर वाकलेली बाई होती. मी विचारलं, ही मी का? तर म्हणालास, छे, ही जरा बरी दिसते. जेवायचं भान नव्हतं तुला त्या दिवसांत. बाबा काही बोलले नाहीत, त्याचा तुला राग होता. पण बाबांनी कधी कुणाला छान म्हटलंय? त्यांना काही आवडलं की ते कान खाजवायचे. तू पुढच्या गावी सामान पोचवायला गेलास ना, त्या दिवशी ते दारात उभं राहून तुझ्या शहराकडे बघत इतका वेळ कान खाजवत होते की मी म्हटलं, आता रक्त येईल.

आणि मग त्यांनी काय केलं, ते ऐक. ते मालकाशी भांडले. शेवटच्या प्रवेशासाठी पडदा उचलून शहर दाखवायचं ठरलं होतं. बाबा म्हणाले, हे शहर असं दोरीने ओढून दाखवायचं नाही, हे उगवलं पाहिजे. त्यांनी कुठूनसं जाळीचं कापड मागवलं, मच्छरदाणीसारखं बारीक. आपल्या शेडमध्ये ते त्याआधी कधीच आलं नव्हतं, म्हणून तुला ते माहीत असायचं कारण नाही. त्याच्या कडा मी शिवल्या, आणि सारख्या सुटत होत्या म्हणून शिव्याही घातल्या. बाबांनी ती जाळी तुझ्या शहराच्या पुढे, थोडं अंतर सोडून, ताणून बसवली आणि तिच्यावर पातळ रंगात जंगल रंगवलं. समोरून उजेड असला की जाळी आहे हे कळतच नाही, जंगलच दिसतं, भिंतीसारखं घट्ट. पुढचे दिवे मंद केले आणि मागचे लावले की जंगल विरतं आणि मागचं सगळं दिसायला लागतं. मला त्यांनी दम दिला होता, त्याला अवाक्षर सांगायचं नाही, खेळाच्या दिवशी बघू दे. वाढदिवसाची भेट लपवतात तसे वागत होते. मीही त्यात सामील होते आणि आम्हा दोघांना भारी मजा वाटत होती.

तू दुपारी परत आलास. शेडमध्ये त्या वेळी कुणी नव्हतं, आणि दाराकडच्या खिडक्यांतून लख्ख ऊन पडद्यावर येत होतं. बाबांनी शिकवल्याप्रमाणे तू दारात उभा राहिलास. तिथून तुला तुझ्या शहराच्या जागी जंगल दिसलं, बाबांच्या हातचं. तू आत गेला नाहीस. अरे, चार पावलं पुढे टाकली असतीस, नुसतं बोट लावलं असतंस! पण आपल्यात कुणी पडद्याजवळ जात नव्हतं ना. घरी येऊन तू पिशवी भरलीस, नोकरीचं बोलावणं आलंय म्हणालास, आणि माझ्या हातचा चहा न घेता गेलास. चहा न घेता, तू! तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय.

पहिल्या खेळाला बाबांनी शेवटच्या रांगेतली, दाराजवळची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवली होती. त्यावर आपला कोट टाकून. त्यांना वाटत होतं, नोकरी काय आणि काय, आपलं शहर बघायला पोरगा येईलच. शेवटचा प्रवेश सुरू झाला. तो म्हातारा रानात बसला होता, आणि हळूहळू जंगल पातळ व्हायला लागलं. आधी एक खिडकी दिसली, मग तिच्या शेजारची, मग चढण, मग सगळी घरं. जंगलाचा मागमूस राहिला नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंना रडू फुटलं. ठिपक्या, अख्खं नाटकगृह उभं राहिलं तुझ्या शहरासाठी. बाबा रंगमंचाकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. घरी येताना एवढंच म्हणाले, त्याला घाई होती. पुढे कितीतरी दिवसांनी एकदा म्हणाले, त्याच्या चित्रापुढे मी माझं आणून ठेवलं ते त्याला आवडलं नसेल, मी विचारायला हवं होतं. म्हणजे बघ, ते समजत होते तुला जाळी कळली आणि तरी तू गेलास. तू समजत होतास त्यांनी तुझं चित्र पुसलं. आणि मी तुम्हा दोघांना समजत होते अहंकारी. नंतरच्या पत्रात मी खेळ छान झाला असं लिहिलं, तू उत्तरात हवापाण्याचं लिहिलंस. फोनवर नाटकाचं नाव काढलं की तुझी बेल वाजायची. त्यानंतर तू आलास, नाही असं नाही, पण बूट काढायच्या आधी परतीच्या गाडीची वेळ सांगायचास. बाबा विचारायचे, प्रवास कसा झाला, तू म्हणायचास, बरा झाला. तेवढ्यावर भेट संपायची.

तुझं शहर बाबांनी कधीच धुतलं नाही. मालक मागे लागला, चांगलं कापड वाया जातंय म्हणाला, तरी नाही. शेड बंद झाली तेव्हा सगळं विकलं, ते नाही. जाळी आणि पडदा एकाच गुंडाळीत बांधून माळ्यावर ठेवला होता. तुझ्या बायकोचा फोन ठेवला आणि मी शेजाऱ्यांच्या मुलींना बोलावून ती गुंडाळी खाली काढली. थोडा भाग उलगडला. रंग जरा उडालाय, पण शिवणयंत्रावरची बाई अजून माझ्यापेक्षा बरी दिसते.

आता बाबांचं. फोनवर मी तुला बाबा बरे आहेत म्हणत आले, कारण मला ते तसेच दिसत होते. सकाळी उठून चहा करतात, खिडकीतल्या खुर्चीत बसतात, जिन्यावरून खाली फेरी मारून येतात, कुठे अडखळत नाहीत. मी लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवत दिवसभर त्याच खोलीत असते, तरी मला काही कळलं नाही. गेल्या आठवड्यात झाडताना मी एक स्टूल उगाच हातभर सरकवलं आणि बाबा त्यावर धडकून पडले. लागलं फारसं नाही. पण स्टूल डोळ्यांसमोर होतं रे, भर उजेडात! मग मी लक्ष देऊन बघायला लागले. घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी ठरलेल्या जागी ठेवली होती, रंगमंचावर ठेवतात तशी, आणि पाठ करून टाकली होती. जबरदस्तीने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, नजरेचा मधला भाग गेलाय, दोन्ही डोळ्यांचा. समोर बघितलं की मधोमध नुसता करडा डाग, कडेचं तेवढं अंधुक दिसतं. हे आजचं नाही, बरंच जुनं आहे, पण त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मी बाहेर येऊन त्यांना चांगलं फैलावर घेतलं, आणि मग रिक्षात रडले. ते मलाच म्हणाले, उगाच तमाशा करू नकोस.

आता त्यांच्या सगळ्या विचित्र सवयींचा मला उलगडा होतोय. हल्ली कुणी आलं की ते आधी बोलत नाहीत. आलेल्या माणसाने तोंड उघडेपर्यंत थांबतात, म्हणजे आवाजावरून ओळखता येतं. लोकांना वाटतं, म्हातारा शिष्ट झालाय. आणि मी काही दाखवलं, की ते मान वळवून भलतीकडेच बघतात. मी नवीन पडद्याचं कापड समोर धरायची आणि ते भिंतीकडे तोंड करायचे. मी चिडायची, म्हणायची, बाबा, नसेल आवडलं तर सरळ सांगा. परवा डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणून ज्याच्याकडे खरंच बघायचं असेल त्याच्यापासून त्यांना तोंड फिरवावं लागतं.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. गेल्या महिन्यात कामासाठी तू इकडे आला होतास, आणि कुणाला न कळवता घरापर्यंत आलास. बाबांसाठी नवीन ब्रशांची पेटी घेऊन. मी नेमकी कापड आणायला गेले होते. दार उघडंच होतं. तू दारात उभा राहिलास. समोर खुर्चीत बाबा होते, त्यांनी सरळ तुझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, एक शब्द बोलले नाहीत, आणि मग त्यांनी तोंड फिरवून खिडकीकडे केलं. तू पेटी घेऊन तसाच परत गेलास. हेच ना? मी घरी आले तेव्हा ते मला म्हणाले होते, दारात कुणीतरी उभं राहून गेलं. मी म्हटलं, मीटर बघणारा असेल. तर म्हणाले, मला उगाच वाटलं आपला ठिपक्या, खांदा चौकटीला टेकवून उभा होता, पण असं मला हल्ली अधूनमधून दिसतं, मनाचे खेळ आहेत. आणि जेवायला बसले. अरे, जन्मभर कापडावर खोटी माणसं उभी केली त्यांनी, आणि खरा पोरगा दारात आला तर त्याला खोटा समजून बसले! मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, ना पहिली गोष्ट, ना दुसरी. ते तुझं तू सांगायचं आहेस. शहराची गुंडाळी मी खाली काढून ठेवली आहे, जाळी आपण दोघं मिळून टांगू. कडेकडेने का होईना, त्यांना उजेड लागलेला कळेल. पेटी घेऊन ये. दारात थांबू नकोस, सरळ आत ये, त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बस, आणि आधी तू बोल, काहीही बोल, प्रवास बरा झाला म्हण. मग ते मान वळवतील, पार खिडकीकडे तोंड करतील. तेव्हा उठू नकोस, ठिपक्या. ते तुझ्याकडे बघत असतील.

दोघांसाठी चहाचं आधण ठेवून वाट बघणारी,
तुझीच,
त्या खिडकीतल्या बाईपेक्षा जरा कमी बरी दिसणारी
ताई